दोघेही देणारे, तर घेणार कोण?

वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा व्हायचा होता, म्हणजे १९९८ च्या आधीची ही गोष्ट. मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजा येथे मी दहावीच्या वर्गाला रासायनिक बंध शिकवीत होतो. फळ्याच्या एका बाजूला सोडिअम, दुसऱ्या बाजूला क्लोरीन. धातू इलेक्ट्रॉन देतो, अधातू घेतो, देवाणघेवाण झाली की संयुग तयार. वर्षानुवर्षे सांगून हे वाक्य माझ्या तोंडात इतके बसले होते की त्यात काही अडचण असेल असे मनातही येत नसे. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, दोघेही देणारेच असले तर? कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम एकत्र आणले तर?"

दोन्ही मूलद्रव्ये आवर्त सारणीच्या दुसऱ्या गणातली. दोन्ही अल्कधर्मी मृदा धातू. दोघांच्याही बाहेरच्या कक्षेत दोन-दोन इलेक्ट्रॉन आणि दोघेही ते सोडायला तयार. मी बेधडक सांगून टाकले, "मग संयुग होत नाही. पितळेसारखे नुसते मिश्रण होते."

उत्तर चुकीचे होते. कॅल्शिअमचा एक अणू आणि मॅग्नेशिअमचे दोन, या ठरलेल्या प्रमाणात हे दोन धातू एकत्र येऊन रीतसर संयुग बनवतात. त्याला स्वतःची स्फटिकरचना आहे, स्वतःचा वितळणबिंदू आहे. (आणि पितळेचे उदाहरणही फसलेच. तांबे आणि जस्त यांच्यातही अशी ठरावीक रचनेची संयुगे बनतात. पण ते राहू द्या.) अशा पदार्थांना आंतरधातवीय संयुगे म्हणतात. शालेय पुस्तकांत त्यांना जागा मिळत नाही, याचे कारण बहुधा हेच की संयुजेच्या सोप्या हिशेबात ती बसत नाहीत. मॅग्नेशिअम आणि सिलिकॉनचे संयुग त्या हिशेबात बसते: मॅग्नेशिअमचे दोन अणू मिळून चार इलेक्ट्रॉन देतात, सिलिकॉनचा एक अणू ते चार घेतो. कॅल्शिअम-मॅग्नेशिअममध्ये घेणारा कोणीच नाही. तरीही संयुग होते आणि टिकते.

ते टिकते हे कळते कसे? सर्वांत जुना मार्ग भट्टीचा. शुद्ध मॅग्नेशिअम ६५० अंश सेल्सिअसला वितळते, शुद्ध कॅल्शिअम ८४२ अंशांना. मॅग्नेशिअममध्ये थोडेथोडे कॅल्शिअम मिसळत गेलो की वितळण्याचे तापमान आधी उतरते, अगदी ५१७ अंशांच्या आसपास येते. मिठाने बर्फ लवकर वितळतो तसेच हे. पण आणखी कॅल्शिअम घातले की तापमान पुन्हा चढू लागते आणि एकास दोन या प्रमाणाला ७१५ अंशांच्या सुमारास माथा गाठते. त्यानंतर पुन्हा उतार आणि शेवटी कॅल्शिअमच्या ८४२ पर्यंत चढ. दोन दऱ्यांच्या मध्ये एक टेकडी. नुसते मिश्रण असते तर मध्येच टेकडी येण्याचे कारण नव्हते. मॅग्नेशिअमपेक्षाही जास्त तापमानापर्यंत घन राहणारे काहीतरी नवे तिथे आहे, हे या टेकडीवरून उघड होते. स्वभावही वेगळा: मूळचे दोन्ही धातू ठोकले तर वाकतात, हे संयुग मात्र ठिसूळ असते, हातोडीने फुटते.

आता प्रश्न उरतो तो 'का' याचा.

संत्र्यांचा ढीग

आपल्याकडे बाजारात संत्री रचून ठेवलेली सर्वांनी पाहिली आहेत. सारख्या आकाराची संत्री रचताना विक्रेता वरचे संत्रे खालच्या तीन-चार संत्र्यांच्या खळग्यात बसवतो. अशा रचाईत जागेचा ७४ टक्के भाग भरतो आणि आतल्या प्रत्येक संत्र्याला बारा शेजारी असतात. याहून दाट रचाई सारख्या गोलांची होत नाही, असा तर्क केप्लरने १६११ साली केला होता. शुद्ध मॅग्नेशिअम आणि शुद्ध कॅल्शिअम या दोघांचेही अणू अशाच दाट रचाईत असतात, फक्त थर लावण्याचा क्रम दोघांत वेगळा.

पण संत्री दोन आकारांची असली तर? धातूतील कॅल्शिअमच्या अणूची त्रिज्या १.९७ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग) आणि मॅग्नेशिअमची १.६०. गुणोत्तर १.२३. हा आकडा लक्षात ठेवा.

१९२७ साली फ्राउफ या अमेरिकी संशोधकाने क्ष-किरणांच्या साहाय्याने दोन संयुगांची रचना उलगडली: मॅग्नेशिअम-तांबे आणि मॅग्नेशिअम-जस्त, दोन्ही एकास दोन प्रमाणातली. पुढे १९३० च्या दशकात जर्मनीत फ्रिट्झ लाव्हेस यांनी दाखवले की या आणि मॅग्नेशिअम-निकेलच्या रचना एकाच कुळातल्या आहेत. लहान अणू चार-चारच्या गटाने चतुष्फलक करून बसतात, हे चतुष्फलक एकमेकांना जोडले जातात आणि त्यांच्यामधल्या पोकळ्यांत मोठे अणू बसतात. थरांचा क्रम दोनदोनचा, तीनतीनचा की चारचारचा, एवढाच या तिघांत फरक. आज अशा रचनेची शेकडो संयुगे माहीत आहेत आणि त्यांना लाव्हेस प्रावस्था म्हणतात. आपले कॅल्शिअम-मॅग्नेशिअम त्यांपैकीच एक, मॅग्नेशिअम-जस्ताच्या षट्कोनी प्रकारातले. गंमत पाहा: तिन्ही नमुनेदार संयुगांत मॅग्नेशिअम 'मोठा' अणू आहे, कॅल्शिअमच्या शेजारी मात्र तोच 'लहान' ठरतो.

या कुळातल्या घनाकृती प्रकाराची भूमिती दहावीच्या मुलांकडूनही करून घेता येते. पायथागोरसचे प्रमेय तीन मितींत वापरायचे, एवढेच. घनाची बाजू ८ एकके घ्या. मोठ्या अणूंच्या जागा (१, १, १) आणि (−१, −१, −१). लहान अणूंच्या जागा (२, २, ४) आणि (४, ४, ४). आता अंतरे काढा. मोठा ते मोठा: √१२. लहान ते लहान: √८. मोठे अणू एकमेकांना टेकलेले आणि लहान अणूही एकमेकांना टेकलेले असे मानले, तर त्रिज्यांचे गुणोत्तर √१२ भागिले √८, म्हणजे √१.५, म्हणजे १.२२५.

कॅल्शिअम-मॅग्नेशिअमचे १.२३ इथे येऊन बसते. एवढा नेमका मेळ पाहिल्यावर प्रश्न सुटला असे वाटते. मलाही वाटले होते. पण तिसरे अंतर अजून काढायचे आहे. मोठा (१, १, १) आणि लहान (२, २, ४) यांच्यातले अंतर √११, म्हणजे ३.३२. दोघांच्या त्रिज्यांची बेरीज मात्र √३ अधिक √२, म्हणजे ३.१५. अंतर बेरजेपेक्षा जास्त! म्हणजे मोठा अणू लहान अणूला टेकतच नाही, मध्ये सुमारे पाच टक्क्यांची फट राहते. मोठे मोठ्यांना टेकलेले, लहान लहानांना टेकलेले, आणि ज्या दोघांचे संयुग म्हणायचे त्या दोघांत फट.

शिवाय या रचाईत भरलेली जागा ७१ टक्के, म्हणजे सारख्या संत्र्यांच्या ७४ टक्क्यांपेक्षा कमीच. जागा वाचवणे हेच कारण असते तर दोन्ही धातूंनी आपापले वेगळे ढीग रचणे फायद्याचे ठरले असते.

प्रत्यक्ष मोजमाप मात्र उलटे सांगते. या संयुगाच्या षट्कोनी एकक कोषाची बाजू सुमारे ६.२३ आणि उंची १०.१२ अँगस्ट्रॉम आहे. त्यात कॅल्शिअमचे चार आणि मॅग्नेशिअमचे आठ अणू असतात. बाजूचा वर्ग गुणिले उंची गुणिले ०.८६६ असे आकारमान काढून चारने भागले, तर एका कॅल्शिअम व दोन मॅग्नेशिअम अणूंना मिळून ८५ घन अँगस्ट्रॉम जागा लागते. शुद्ध धातूंत कॅल्शिअमचा अणू ४३.६ आणि मॅग्नेशिअमचा २३.२ घन अँगस्ट्रॉम व्यापतो. एक अधिक दोन म्हणजे ९०. संयुग होताना जागा पाच टक्क्यांहून अधिक आक्रसली. संत्री आक्रसत नाहीत, अणू आक्रसतात. कारण अणू म्हणजे घट्ट सालीचे फळ नव्हे, इलेक्ट्रॉनांचा ढग आहे. गोलांच्या भूमितीने रचना कशी असेल ते सुचवले, पण ती टिकते का हे सांगायला इलेक्ट्रॉनांकडेच जावे लागते.

१७६ इलेक्ट्रॉनांचा हिशेब

त्या एका कोषात १२ अणू आहेत. कॅल्शिअमचे २० आणि मॅग्नेशिअमचे १२ याप्रमाणे इलेक्ट्रॉन मोजले तर एकूण १७६ होतात. प्रत्येकाचे स्थान सांगायला तीन आकडे, म्हणजे एकंदर ५२८ चल. पुंजयामिकीचे समीकरण १९२६ पासून माहीत आहे, पण ५२८ चलांचे तरंगफलन लिहून कसे ठेवायचे? प्रत्येक चलासाठी नुसत्या दहा जागा धरल्या तरी एकावर ५२८ शून्ये एवढे आकडे साठवावे लागतील. विश्वातले सगळे अणू कागद म्हणून वापरले तरी पुरणार नाहीत.

या कोंडीतून वाट काढली वॉल्टर कोन यांनी. १९६४ साली होहेनबर्ग यांच्याबरोबर त्यांनी सिद्ध केले की किमान ऊर्जेच्या अवस्थेसाठी प्रत्येक इलेक्ट्रॉन कुठे आहे हे माहीत असण्याची गरज नाही. जागोजागी इलेक्ट्रॉनांची घनता किती आहे, एवढे कळले की ऊर्जा ठरते. घनतेला चल तीनच: लांबी, रुंदी, उंची. इलेक्ट्रॉन १७६ असोत की १७६००, चल तीनच राहतात. पुढच्या वर्षी शॅम यांच्याबरोबर त्यांनी प्रत्यक्ष गणिताची पद्धत दिली. कोन भौतिकीतले; १९९८ साली त्यांना नोबेल मिळाले ते रसायनशास्त्राचे.

पद्धत सांगायला सोपी आहे. आधी घनतेचा एक अंदाज धरायचा. त्या घनतेमुळे एका इलेक्ट्रॉनावर किती ओढ आणि किती रेटा येईल ते काढायचे. त्या ओढीत इलेक्ट्रॉन कसे पसरतील ते काढायचे, म्हणजे नवी घनता मिळते. ती पुन्हा अंदाज म्हणून आत घालायची. आत घातलेली आणि बाहेर आलेली घनता सारखी होईपर्यंत हे चक्र चालू ठेवायचे. मग कोषाची बाजू थोडी वाढवून, थोडी घटवून पुन्हा सगळे करायचे. ऊर्जा आणि आकारमान यांचा आलेख काढला तर परवलयासारखी वाटी मिळते. वाटीचा तळ जिथे, तिथे स्फटिकाचा आकार. अशा गणिताने निघालेल्या लांबी साधारणपणे मोजलेल्या लांबीपासून एखाद्या टक्क्याच्या आतबाहेर असतात. यात प्रयोगातला एकही आकडा भरलेला नसतो, फक्त अणुक्रमांक आणि अणूंची मांडणी.

संयुग टिकते का, हे वजाबाकीने कळते. संयुगाची ऊर्जा काढा. कॅल्शिअमच्या एका आणि मॅग्नेशिअमच्या दोन अणूंची त्यांच्या शुद्ध धातूंतली ऊर्जा काढा. पहिलीतून दुसरी वजा करा. उत्तर ऋण आले तर एकत्र येण्यात फायदा. आपल्या संयुगासाठी हा फायदा दर अणूमागे सुमारे ०.१३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतो, म्हणजे एक मोल अणूंमागे बारा-तेरा किलोज्यूल. उष्णता मोजून मिळालेले आकडेही याच्या जवळपासचे आहेत.

हा आकडा किती लहान आहे ते पाहण्यासारखे आहे. तीन अणूंतल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांची एकूण ऊर्जा सुमारे २९,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते आणि आपल्याला हवा असलेला फरक ०.४. म्हणजे सत्तर हजारांत एक. सोयाबीनने भरलेला पंधरा टनांचा ट्रक धर्मकाट्यावर चढवायचा आणि त्यातून पोत्यातले पावशेरभर सोयाबीन सांडले की नाही हे काट्यावरून ओळखायचे, तसा हा प्रकार. काटा इतका अचूक असतो का? नसतो. पण काटा पाच किलोंनी चुकत असेल आणि दोन्ही वेळा तेवढाच चुकत असेल, तर वजाबाकीत चूक निघून जाते. गणितातही हेच होते. अणुकेंद्राजवळचे इलेक्ट्रॉन शुद्ध धातूतही तसेच असतात आणि संयुगातही तसेच, त्यामुळे त्यांच्याबाबतची चूक दोन्हीकडे सारखी राहते. म्हणून दोन्ही गणिते एकाच काट्यावर, म्हणजे एकाच पद्धतीने आणि एकाच काटेकोरपणाने करावी लागतात. एका लेखातला आकडा दुसऱ्या लेखातल्या आकड्यातून वजा करणारे इथे हमखास फसतात.

फायदा येतो कुठून? कॅल्शिअमपेक्षा मॅग्नेशिअमची इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद जराशी अधिक आहे: विद्युतऋणता १.०० विरुद्ध १.३१. त्यामुळे ढगाचा थोडासा भाग कॅल्शिअमकडून मॅग्नेशिअमच्या चतुष्फलकांकडे सरकतो. मिठासारखी पुरती देवाणघेवाण इथे नाही. कॅल्शिअम आक्रसतो, रचना घट्ट होते आणि गोलांच्या चित्रात दिसणाऱ्या त्या फटीत प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनांचा सामाईक ढग असतो. त्या मुलीच्या 'दोघेही देणारे' या प्रश्नाचे उत्तर इतके साधे होते: दोघेही देतात, आणि दिलेले दोघांच्या मध्ये सामाईक राहते.

ही गणिते हाताने होत नाहीत. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि तिने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्या कामाचे नेतृत्व करणारे विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या गावी जन्मले. म्हणजे आमच्या वर्गातल्या प्रश्नाच्या वेळी किन्हीराजा आणि मुरंबा एकाच जिल्ह्यात होते, हे मला फार उशिरा कळले. त्या यंत्राची कमाल गती सेकंदाला सुमारे शंभर कोटी गणिते. २०१९ साली पुण्याच्या आयसर संस्थेत बसवलेल्या परम ब्रह्माची गती सेकंदाला सुमारे ७९७ लाख कोटी, म्हणजे आठ लाख पट. पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात प्रा. कान्हेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच घनतेच्या सिद्धांताने धातूंच्या लहान अणुपुंजांचा अभ्यास केला. गॅलिअम हा धातू तळहातावर वितळतो, पण त्याचे मोजक्या अणूंचे पुंज त्याहून बऱ्याच जास्त तापमानापर्यंत घन राहतात. हे का, याचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण २००४ साली प्रसिद्ध झाले. धातू निराळा, पण पद्धत हीच.

कोणापेक्षा स्थिर?

इथे एक चूक वारंवार होते, आणि ती शिकलेल्यांकडूनही होते. ऊर्जा ऋण आली म्हणजे संयुग स्थिर, असे मानले जाते. तेवढे पुरत नाही.

एक पाटी घ्या. आडव्या रेषेवर कॅल्शिअमचे प्रमाण मांडा: डाव्या टोकाला शुद्ध मॅग्नेशिअम, उजव्या टोकाला शुद्ध कॅल्शिअम. दोन्ही टोकांना शून्यावर खिळे ठोका. एक तृतीयांशावर आपले संयुग, रेषेच्या खाली ०.१३ वर, तिथे तिसरा खिळा. आता दोन्ही टोकांना बांधलेला दोरा सगळ्या खिळ्यांच्या खालून नेऊन ताणा. तो तिसऱ्या खिळ्याला टेकून दोन सरळ तुकड्यांत बसेल.

समजा, कोणी एकास एक प्रमाणाचे संयुग सुचवले आणि गणिताने त्याची ऊर्जा उणे ०.०८ आली. ऋण आहे, म्हणजे शुद्ध धातूंपेक्षा ते बरेच. पण मध्यावर दोरा किती खाली आहे? त्रिकोणाच्या समरूपतेने काढा: ०.१३ गुणिले पाऊण, म्हणजे जवळजवळ ०.१०. सुचवलेल्या संयुगाचा खिळा दोऱ्याच्या वर राहिला. म्हणजे एकास एकच्या दोन घटकांनी फुटून एक घटक आपले जुने संयुग आणि उरलेले शुद्ध कॅल्शिअम व्हावे, यात ऊर्जेचा फायदा आहे. सुचवलेले संयुग टिकायचे नाही. ज्या खिळ्यांना दोरा टेकतो तेवढीच खरी स्थिर. कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमच्या जोडीत मधल्या सगळ्या प्रमाणांपैकी दोरा एकाच ठिकाणी टेकतो, आणि भट्टीतली टेकडीही एकच होती.

तेव्हा 'स्थिर आहे का' हा प्रश्न अर्धाच आहे. 'कोणापेक्षा' हे विचारले की तो पुरा होतो. स्पर्धकांत दुसऱ्या प्रमाणांची संयुगे येतात तशी त्याच प्रमाणाची दुसरी मांडणीही येते. दोनदोन थरांऐवजी तीनतीन थरांची रचना का नाही? तिथला फरक इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सहस्रांशांत मोजावा लागतो, कारण शेजारी तेच, अंतरे जवळजवळ तीच. ट्रकातले पावशेर सोयाबीन सोडून आता चिमूटभर दाणे शोधायचे. संगणकाची एक मर्यादाही इथे लक्षात येते: जी मांडणी आपण विचारली नाही तिच्याविषयी तो काही सांगत नाही. दोऱ्याखाली एखादा न ठोकलेला खिळा राहिला असेल, तर गणित त्याची आठवण करून देणार नाही.

आणखी एक कसोटी कंपनांची. गोटी वाटीच्या तळाशी ठेवली आणि हलवली तर परत येते. घोड्याच्या खोगिरावर ठेवली तर लांबीच्या दिशेने परत येते, आडव्या दिशेने घसरून जाते. स्फटिकातले अणू निरनिराळ्या दिशांनी किंचित हलवून पाहतात. सगळ्या दिशांनी ते परत येत असतील तर वाटी. एकाही दिशेने घसरत असतील तर ती रचना खोगीर आहे आणि दुसरे काहीतरी होणार आहे. तापमानाचा परिणामही याच कंपनांतून हिशेबात येतो. एरवी वर सांगितलेले सगळे आकडे निरपेक्ष शून्य तापमानाचे आहेत, हे विसरू नये.

हाडातला स्क्रू

इतका खटाटोप कशासाठी, असे विचारणारे सहकारी मला भेटले आहेत. त्यांना मी मोडलेल्या हाडाचे उदाहरण देतो. हाड जुळेपर्यंत आधार देणारा स्क्रू सहसा पोलादाचा किंवा टायटॅनिअमचा असतो, आणि पुष्कळदा तो काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. मॅग्नेशिअमचा स्क्रू शरीरातच हळूहळू झिजून नाहीसा होतो. अडचण एवढीच की शुद्ध मॅग्नेशिअम मऊ असते. कॅल्शिअम घातले तर बळकटी येते, आणि कॅल्शिअम हाडाला परके नाही.

पण मॅग्नेशिअमच्या स्फटिकात कॅल्शिअम फारसे मावत नाही, वजनाने जेमतेम सव्वा-दीड टक्का आणि तेही ५१७ अंशांच्या आसपास. थंड होताना उरलेले बाहेर पडते आणि स्फटिककणांच्या सीमांवर आपलेच एकास दोनचे संयुग होऊन बसते. आता आठवा विद्युतघट. दोन निरनिराळे धातू एकमेकांना टेकलेले आणि भोवती खारट द्राव. या जोडीत संयुग अधिक सक्रिय ठरते आणि मॅग्नेशिअमच्या आधी तेच झिजते. पाण्याशी होणाऱ्या अभिक्रियेत हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. ते हळूहळू सुटले तर रक्तात विरून जातात, भराभर सुटले तर ऊतींत वायूचे फुगे साचतात. संयुग किती आहे, कुठे आहे आणि किती घट्ट बांधलेले आहे, यावर स्क्रू महिन्याभरात निकामी होणार की हाड जुळेपर्यंत टिकणार हे ठरते.

यावर एक उपाय जस्ताचा निघाला. थोडे जस्त घातले की संयुग आणि मॅग्नेशिअम यांच्या विद्युत विभवांतला फरक कमी होतो आणि घट मंदावतो. दक्षिण कोरियात ५ टक्के कॅल्शिअम आणि १ टक्का जस्त असलेल्या मॅग्नेशिअमचे स्क्रू मनगटाच्या हाडांसाठी वापरले गेले. २०१६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वर्षभरात स्क्रू झिजून त्यांची जागा नव्या हाडाने घेतली होती.

बारावीनंतर कोणा विद्यार्थ्याला हात घालायचा असेल तर यातले मूळ गणित आता आवाक्यात आले आहे. क्वांटम एस्प्रेसो नावाची आज्ञावली फुकट मिळते आणि बारा अणूंचा कोष साध्या संगणकावरही सोडवता येतो. कॅल्शिअमपासून सुरुवात करून मग स्ट्रॉन्शिअम आणि बेरिअम घालून पाहावे. या दोघांचेही मॅग्नेशिअमशी एकास दोनचे संयुग होते आणि तेही याच षट्कोनी रचनेत. पण त्रिज्यांचे गुणोत्तर स्ट्रॉन्शिअमसाठी १.३४ आणि बेरिअमसाठी त्याहूनही जास्त आहे. १.२२५ चा तो सुंदर मेळ इथे उरलेला नाही, रचना मात्र तीच आहे. कोणत्या अणूने किती आक्रसून घेतले, हे ज्याला पाहायचे त्याने तिन्ही संयुगांची आकारमाने वर दाखवल्याप्रमाणे काढावीत आणि एकाखाली एक लिहावीत.